समुद्रातली लागवड

आये, या बेटावरच्या आपल्या शमें ग्रेनिए गावात, घराच्या अंगणात गणपतीच्या आधी कित्येक दिवस एक वास भरून राहायचा. सडल्यासारखा, खारट, दोरीवरच्या कपड्यांनाही धरणारा. बा गेल्यापासून मखर तूच करत होतीस, तेही कोराय रचून. समुद्रातली ती शिंगांची, पंख्यांची, गोल गड्ड्यांची प्रवाळं, ज्यांना आपण सगळे इथल्या क्रेओल बोलीत कोराय म्हणायचो आणि दगड समजायचो. कोठीच्या, म्हणजे साखरमळ्याच्या, उसातलं काम आटोपलं की तू पहार आणि पानांची विणलेली मोठी टोपली, ताँत, घेऊन खाली किनाऱ्याला जायचीस. रीफच्या बांधाअलीकडचं उथळ, शांत पाणी, आपलं लागों, ओहोटीला गुडघ्याएवढं व्हायचं. तिथून तू कोराय तोडून आणायचीस, तपकिरी, जांभळ्या टोकांचं, ओलं. मग ते पत्र्यावर वाळत पडायचं, माश्या घोंघावायच्या, तू त्यावर ओ द झावेल, ते कपडे पांढरे करायचं पाणी, ओतून ते घासायचीस आणि हळूहळू ते पांढरंशुभ्र व्हायचं. आम्हा पोरांना त्या वासाचा केवढा आनंद! शाळेतून येताना वळणावरच तो नाकाला लागला की आम्ही पळत सुटायचो, गणपती जवळ आला म्हणून. दगडाला असा वास कसा येतो, हे आपल्यापैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. मला आता याचीच लाज वाटते. आपल्याला काही कळत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही, कारण नाक तर सगळ्यांनाच होतं.

आणि मखर तरी काय व्हायचं! पेती राफ्रे गावची मावशी दरवर्षी दारातच थबकायची, गालावर हात ठेवून म्हणायची, "अगं, ह्ये देऊळ हाय का घर?" तू खाली मान घालून नारळ खवत राहायचीस, पण तुझे कान तिकडेच असायचे हे मला कळायचं. पुढे गावातल्या दोन-चार घरांनी तुझं बघून तसंच मखर करायला घेतलं. तू वरवर रागावलीस आणि पुढच्या वर्षी त्यांच्यापेक्षा उंच केलंस. देवाच्या नावानं माणूस किती चढाओढ करू शकतं, ते मी तुझ्याकडून शिकले, आणि चढाओढीत मीही मागे नव्हते. सगळ्यात मोठं शिंग कुठं लावायचं यावरून मी भांडायची.

याच दिवसांत घरात कडक कारेम असायचा. मासळी, मटण, अंडं, काही म्हणजे काही नाही. सुक्या मासळीचा डबा शेजारच्या क्रेओल बाईकडे जायचा, कढया राखेनं घासल्या जायच्या, गळ आणि दोरीसुद्धा घराबाहेर जायची. एकदा मी रस्त्यावरच्या गाडीवर मैत्रिणीबरोबर माशाची भजी खाऊन आले. तू माझं तोंड हुंगलंस, हाताला धरून मागच्या दारी नेलंस आणि डोक्यावरून गार पाणी ओतलंस. "देवाच्या घरात मेलेलं जनावर घेऊन येतीस?" एवढंच म्हणालीस. मी कुडकुडत उभी होते. माझ्या डोक्यावर पत्र्याची वळचण होती आणि पत्र्यावर कोराय वाळत होतं.

सत्तरच्या दशकात मी व्हाकोआच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. शिंप्याकडून दोन नवे ब्लाऊज शिवून घेतले, पायात टाचेच्या चपला आल्या आणि बोलण्यात जरा शिष्टपणा आला, तो तू मुकाट्यानं सोसलास. सप्टेंबरमध्ये वर्गाला समुद्रातले प्राणी शिकवायचे होते. आदल्या संध्याकाळी धडा वाचायला बसले. बाहेर व्हाकोआचा तो न संपणारा भुरभुर पाऊस. चित्रात आपलंच शिंग होतं, ओळखीचं, अगदी मखराच्या डाव्या कोपऱ्यात बसवायचो तसं. खाली लिहिलं होतं की हे असंख्य बारीक प्राण्यांनी मिळून बांधलेलं असतं, प्रत्येकाला तोंड असतं, प्रत्येक जण आपल्या खळीत राहतो. मी ते पुन्हा वाचलं. मग पुस्तक पिशवीत टाकलं आणि गणपतीला घरी येताना बरोबर आणलं.

तू स्टुलावर उभी होतीस. अर्धं मखर झालं होतं. "बाय, ते मोठं शिंग दे," म्हणालीस. मी ते दिलं नाही. मला थांबता आलं असतं. सण उरकल्यावर, स्वयंपाकघरात, तुझा हात हातात घेऊन सांगता आलं असतं. पण मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहितेच. मला मजा वाटली. तुला ठाऊक नसलेलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे होतं.

"आये, ह्ये दगड नाय. ह्याला जीव असतो. किताबात लिवलंय."

तू हसलीस. "किताबात! उद्या म्हनशील पाट्याला बी जीव हाय."

मी पुस्तक उघडून तुझ्यापुढे धरलं. तुला वाचता येत नव्हतं, पण चित्र तू बराच वेळ पाहिलंस. मग हातातला तुकडा डोळ्यांजवळ नेलास. त्यावर चांदण्यांसारखी बारीक छिद्रं होती, एकाला एक लागून. इतकी वर्षं तू ती ब्रशानं घासत होतीस.

"ह्यी त्यांची घरं?"

"होय."

"आनि ते कुटं गेलं?"

मी पुस्तक मिटलं. तुझी नजर पत्र्याकडे गेली, मग पाटावर, जिथं दुसऱ्या दिवशी देव बसायचा होता. "मासळीसारकं?" तू विचारलंस. मी म्हणाले, तसंच. तू स्टुलावरून उतरलीस आणि मागच्या दारी जाऊन स्वतःच्या डोक्यावरून पाणी घेतलंस, लुगड्यासकट. ते बघून माझी मजा कुठल्या कुठे गेली. मी म्हणू लागले, आये, या वर्षी राहू दे, लोक यायचे आहेत. तू ऐकलं नाहीस. एकेक तुकडा उतरवलास आणि परसात केळीखाली मांडून ठेवलास, लहान मूल निजवावं तसं. त्या वर्षी देव जुन्या पडद्यापुढे बसला. मावशीनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मखर बाटलं." कशानं, ते सांगितलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

विसर्जन झालं आणि मी व्हाकोआला परतले. मला वाटलं, मिटलं. काही आठवड्यांनी शनिवारी आले तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, तुझी आई रोज ओहोटीला खाली जाते, काय करते देव जाणे. मी किनाऱ्यावर आले आणि तू मला दिसलीस. लागोंमध्ये गुडघाभर पाण्यात, कासोटा घालून, कमरेत वाकलेली. शेजारी ताँत तरंगत होती, तिची दोरी तू मनगटाला बांधली होतीस. तू कोराय लावत होतीस. उसाचं बेणं लावतात तसं, ओळीनं, प्रत्येक तुकडा जरा तिरपा, बुडाशी वाळू ओढून, वर पायानं दाबून. अंतरसुद्धा उसाचंच. जन्मभर कोठीच्या शेतात जे केलंस तेच हात करत होते. पाण्याखाली पांढऱ्या ओळीच्या ओळी दिसत होत्या. जवळून एक पिरोग होडी चालली होती, तिच्यातले दोघे कोळी हसत होते. एकानं ओरडून विचारलं, "ए मादाम, कान पू कुपे?" तोडणी कधी करणार म्हणून.

मला लाज वाटली, आये. तुझी वाटली. मी शिक्षिका, त्या कोळ्यांतला एक जण मला ओळखत होता. मी काठावरूनच ओरडले, "वर ये! मेलेलं उगवत नाय."

तू पाठ सरळ केलीस. "ऊस तरी जित्ता लावतो का आपन? कापलेलाच लावतो. येतो का नाय?"

"कोराय म्हंजे ऊस नव्हं."

"मंग काय करू? बे, की पू फेर? सांग ना. तू शिकलीस. मारलं ते मी मारलं, आता काय करू ते तू सांग."

तू हे चिडून विचारलं नाहीस. खरंच विचारलंस. वाळूवर चपला घालून उभ्या असलेल्या लेकीकडे उत्तर असेल असं तुला वाटत होतं. ज्या पुस्तकानं तुला पाप सांगितलं, त्याच पुस्तकात पुढच्या पानावर प्रायश्चित्तही असणार, असं तू धरून चालली होतीस. पुढच्या पानावर शिंपले होते. मी म्हणाले, "बस चुकंल, आये," आणि वळले. चढण चढताना एकदा मागे पाहिलं. तू पुन्हा वाकली होतीस.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी मात्र उत्तर तूच शोधलंस. ज्या घरांनी तुझं बघून मखर सुरू केलं होतं, त्यांच्या दारात जाऊन सांगायचं, की करू नका, मी चुकले. मला निरोप पाठवलास की दोन दिवस ये, तू मास्तरीण, तुझं ऐकतील. मी कळवलं की वह्या तपासायच्या आहेत. वह्या होत्याही. पण खरी गोष्ट अशी की माझी आई वर्षानुवर्षं देवापुढे मढी रचत होती, हे मला गावात दारोदार सांगायचं नव्हतं. तू एकटीच गेलीस. एका घरी तुला म्हणाले, आता स्वतःचं होत नाही म्हणून आमचं बघवत नाही का? मला हे नंतर शेजारणीकडून कळलं. त्या घरांची मखरं त्या वर्षी आणखी उंच झाली आणि तू ओहोटीला जात राहिलीस, तुझे गुडघे थकेपर्यंत. मग तू गेलीस.

ऐंशीच्या दशकात सगळं भराभर बदललं. किनाऱ्यावर हॉटेलं आली, लागोंतली वाळू उपसून बांधकामाला जाऊ लागली, रस्त्याकडेला फळ्या मांडून पाहुण्यांना कोराय विकलं जाऊ लागलं, गुलाबी रंग फासून. शाळेत निसर्गावर बोला असं वरून आलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी तुझी गोष्ट सांगायला लागले. पहिल्यांदा सांगितली तेव्हा खरी सांगितली, मखर, पुस्तक, पाण्यातल्या ओळी, हसणारे कोळी. मी थांबले तेव्हा वर्गातून कुणीतरी विचारलं, "मग उगवलं का, मिस?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, उगवलं. लहान लहान, जांभळ्या टोकांचं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दरवर्षी तेच. एका वर्षी त्यात निळे मासे आले, पुढच्या वर्षी एक ऊरित, म्हणजे आठ पायांचा तो ऑक्टोपस, तुझ्या ओळींमध्ये बीळ करून राहू लागला. पालकांच्या सभेत सांगितलं, देवळात सांगितलं. बायका डोळे पुसायच्या, माझा हात दाबायच्या आणि घरी जायच्या. कुणी पुढे काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. का करतील? तोडलेलं सगळं परत येतं असं मीच तर त्यांना सांगत होते. तू लोकांना आपली चूक सांगत फिरलीस आणि कुणी ऐकलं नाही. मी त्याच चुकीची गोड गोष्ट केली आणि माझ्या गळ्यात हार पडले. हे लिहिताना माझे कान तापले आहेत.

माझी पत्रं तुला शेजारीण वाचून दाखवायची. हे कोण वाचून दाखवणार, आणि ज्याला ते वाचायला द्यावं असं माणूस मला तरी कुठं सुचतं? तेव्हा हे इथंच राहील. पण एक सांगायचं उरलं आहे. मेलेल्या कोरायवर कधी कधी नवं येऊन बसतं, असं मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. म्हणजे तू सपशेल वेडी नव्हतीस. गेल्या महिन्यात ओहोटीची वेळ बघून मी एकटीच खाली गेले. तुझी जागा मला अजून नेमकी ठाऊक आहे. पाणी स्वच्छ होतं, आणि तिथवर चालत गेले असते तर जे आहे ते दिसलं असतं. काही नसेल तर मुलांना काय सांगू, म्हणून मी थबकले असं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. काही असेल, याचीच मला भीती वाटली. मग तुझं बरोबर ठरलं असतं, आणि तुला पाण्याबाहेर बोलावणारी मी. बराच वेळ उभी होते. चपलासुद्धा काढल्या होत्या, आये. पाण्यात उतरले नाही.