जिभेला हाड

ता. ४ फेब्रुवारी

चि. हाडवैदिणीस,
अनेक आशीर्वाद. माझ्या शिवणाच्या दुकानामागचा ओढा आटलाय आणि तिथे दगड झालेली हाडंच हाडं पडली आहेत! पाच पाठवते आहे. लांबट आहे ती मांडी, तिळमात्र शंका नाही. तू संग्रहालयात दिवसभर असलीच हाडं साफ करतेस, तेव्हा नीट बघ.

तुझ्या आईलाही दाखव. जुन्या गोष्टी तिला आवडतात, मी सोडून. तुझ्या वाढदिवसाला ती गायला लागली आणि मी म्हटलं, की ताईनं सूर लावला की गल्लीतली कुत्री घर बदलतात. सगळे हसले, ती उठून गेली. तेव्हापासून ना फोन, ना उत्तर. हाड खरं निघालं तर निदान काहीतरी बोलेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी मावशी

ता. १२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. पाचही दगड आहेत. अस्सल, खानदानी दगड. आकारावर जाऊ नकोस. पाण्यात घासून दगडाची मांडीही होते आणि बटाटाही. तुटलेली कड बघ. दगड आतबाहेर सारखाच असतो. हाड वरून घट्ट आणि आत बारीक भोकांचं, पावासारखं. तरीही शंका राहिली तर धुऊन, वाळवून जिभेचं टोक लाव. हाड बहुधा चिकटतं, दगड सहसा नाही. हसू नकोस, आमचे साहेबही करतात.

आईला दाखवले. म्हणाली, मला दगड बरोबर ओळखता येतात, एका दगडाबरोबरच मी लहानाची मोठी झाले आहे. तुझा विषय तरी निघाला!

लोभ भरपूर असू दे, पार्सलं हलकी असू देत.
तुझी भाची

ता. २३ फेब्रुवारी

चि. हाडवैदिणीस,
आशीर्वाद. अगं बाई, जीभ सोलवटली माझी! मापं द्यायला आलेल्या बाईनं मला दगड चाटताना पाहिलं आणि कापड घेऊन आल्या पावली परत गेली. एक चिकटला, तर मी नाचलेच. कारागीर म्हणाला, ती आपली फुटकी कुंडी. भाजलेली मातीही चिकटते, हे आधी सांगायला काय झालं होतं? मग भोकाभोकांचा एक सापडला. तो माझाच हरवलेला, पाय घासायचा दगड. चाटून झाल्यावर कळलं.

सोबतचा शेवटचा. चिकटतो, वरून घट्ट आहे, कडेला भोकंही आहेत. काठावर सुटा पडला होता. तसंच आणखी काहीतरी मातीतून डोकावतंय, त्याला हात लावलेला नाही. हाही दगड निघाला तर नाद सोडला.

ताईची फार आठवण येते गं. तिला सांग. नको, सांगू नकोस.
आहे तेवढीच माया कर, जास्त नको, रडू येतं.
मावशी

ता. ६ मार्च

ती. मावशीस,
सा. न. हाड आहे! साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि तुझ्याऐवजी माझी पाठ थोपटली. कुठल्या प्राण्याचं, ते अजून कळायचंय. मातीतल्याला हात लावू नकोस, रविवारी आम्ही बघायला येतोय.

घरी येऊन आईला सांगितलं, की मावशीच्या जिभेला चिकटलं ते खरंच हाड निघालं. मग जी हसत सुटली, ती पदरानं डोळे पुसेपर्यंत. खाली तिनंच लिहिलंय.
तुझी भाची

धाकटे,
तुझ्या जिभेला काही हाड आहे का, असं लहानपणापासून सगळे विचारत आले. लागलं एकदाचं! तुझं बोलणं मला फार लागलं होतं. आता फिटंफाट.

रविवारी मीही येते आहे. आल्या आल्या गाणार आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना आधी कळवून ठेव.
तुझी ताई