डाव्या विंगेतील स्टूल न हलविण्याबाबत

प्रति,
मा. परिवर्तन अधिकारी (नाट्यशाखा),
श्रीमती रुचिरा सबनीस यांस,
यमुनाकाठ मराठी मंडळ,
पहाडगंज, नवी दिल्ली.

विषय : मंडळाच्या रंगमंचावरील डाव्या विंगेतील स्टूल, त्यावर बसलेल्या अर्जदारासह, आहे तेथेच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले 'नवी घडी' हे परिपत्रक, जे तालीम हॉलच्या दारावर अशा उंचीवर लावले आहे की ते वाचण्यासाठी स्टूल लागते.
२) आपला व्हॉट्सॲप संदेश, 'काका, प्लीज मनाला लावून घेऊ नका', खाली हात जोडल्याचे चित्र.

महोदया,

पुढील मजकुरावर आपला विश्वास बसणार नाही, हे अर्जदार आधीच नमूद करून ठेवतो. अर्जदाराच्या बोलण्यावर दिल्लीत आजवर एकाच गृहस्थांचा विश्वास बसला, आणि त्यांची दुसऱ्याच आठवड्यात गुवाहाटीला बदली झाली. त्यामुळे साक्षीला कोणी उरले नाही. तरीही खाली जे येईल ते अक्षरशः खरे आहे.

अर्जदाराचे अक्षर खुद्द अर्जदारालाही लागत नाही. सबब अर्जदार तोंडी सांगत आहे आणि त्याची पत्नी सौ. अरुणा लिहून घेत आहे. ती एका मंत्रालयातून लघुलेखिका म्हणून निवृत्त झाली. समोर जे बोलले जाईल ते उतरवायचे, कोण बोलले आणि का बोलले हे बघायचे नाही, या शिस्तीत तिची नोकरी झाली. त्यामुळे मध्येमध्ये तिच्या स्वतःच्या हरकतीही कागदावर आल्या आहेत. त्यांकडे दुर्लक्ष व्हावे. घराच्या बाल्कनीत आमच्याबरोबर तिसरे गृहस्थ बसले आहेत ते श्री. दिनकर मोहिले, अर्जदाराचे शेजारी आणि मंडळाच्या नाटकांतले कायमचे नायक. यंदा प्रथमच ते नायकाचे काका झाले आहेत. ते साक्षीदार म्हणून सही करण्यापुरते आले असून उन्हात शेंगा सोलत आहेत. या अर्जात त्यांना बोलण्याचे काही कारण नाही.

१) प्रथम, अर्जदार कोण. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात छोटा टॉर्च घेऊन, विसरलेली वाक्ये नटांना हळूच सांगायची, हे प्रॉम्प्टरचे काम अर्जदार छत्तीस वर्षे करीत आहे. या जागेवर त्याला कोणी नेमले नाही. कोणाची तरी विसरलेली छत्री परत करायला तो विंगेत शिरला, त्या वेळी रंगमंचावर नायिकेचे वडील तार हातात धरून गोठून उभे होते. बराच वेळ झाला. अर्जदाराला राहवेना. तो म्हणाला, "अहो, बोला ना काहीतरी." वडिलांनी तेच वाक्य जसेच्या तसे, प्रेक्षकांकडे तोंड करून, गळा दाटून म्हटले. टाळी पडली. पुढे त्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगात ते वाक्य ठेवण्यात आले, आणि नाटककाराने पुढच्या आवृत्तीत छापून घेतले. (लेखनिकेची हरकत : मंडळाने त्या नाटकाचा एकच प्रयोग केला होता. हरकत ऐकली.) छत्री अजून अर्जदाराकडेच आहे.

२) आपण नोएडातल्या मोठ्या कंपनीत अधिकारी आहात, आणि तेथे शेकडो माणसांना जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर असे अलगद नेता की एकही जण रडत नाही, हे आपल्या मातोश्री स्वरूपाताई यांच्याकडून कळले. मंडळाने आपणाला बोलावले याचा अर्जदारास आनंदच आहे. त्या ठरावाला पहिला हात अर्जदाराचा वर गेला होता. हात खाली येईपर्यंत ठरावाचा दुसरा भाग वाचला गेला, तो असा : या नाटकापासून प्रॉम्प्टर बंद, रविवार १८ जानेवारीच्या तालमीपासून विंगेतील स्टूल बंद, वाक्ये नटांच्या कानातल्या यंत्रातून ऐकू येतील. एकदा वर गेलेला हात अर्धा खाली आणला तर तो कोणत्या बाजूने धरतात, याचा नियम मंडळाच्या घटनेत सापडला नाही.

३) त्यानंतर आपण हॉलमध्ये एक तक्ता लावलात. त्यावर डोंगरासारखी रेघ आहे आणि रेघेवर चार मुक्काम आहेत : नकार, राग, चाचपणी, स्वीकार. प्रत्येक सभासदाच्या नावाची टाचणी त्यावर टोचली आहे. अर्जदाराची टाचणी 'नकार' येथे आहे. आपण नकारात आहोत, हे अर्जदारास मुळीच मान्य नाही. हे त्याने समक्ष सांगितले, तेव्हा आपण गोड हसून म्हणालात की अगदी बरोबर काका, सुरुवातीला असंच होतं. पुढच्या रविवारी अर्जदाराने मनावर दगड ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असे, मला सर्व काही मान्य आहे असे सांगितले, तर टाचणी 'राग' येथे सरकली. मग अर्जदार गप्प बसला. गप्प बसणे हेही लक्षणच आहे, असे समजले. उलट मुरलीधर कर्वे, ज्यांना मुळात काय बदलणार आहे हेच अजून कळलेले नाही, ते पहिल्या दिवसापासून 'स्वीकार' येथे डोंगरापलीकडे सावलीत बसले आहेत. अर्जदाराला त्यांचा हेवा वाटतो, हे मात्र खरे.

४) गेल्या रविवारी कानातल्या यंत्राची चाचणी झाली. अर्जदाराने पूर्ण सहकार्य केले, म्हणजे तो बाहेर जाऊन उभा राहिला. वधूपित्याच्या भूमिकेतले राजीव दामले मुलीचा हात जावयाच्या हातात देण्याच्या प्रसंगी थांबले, त्यांनी कानाला बोट लावले, डोळ्यांत पाणी आणले, आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "रूम नंबर बारा, गरम पानी नहीं आ रहा." पहाडगंजात हॉलच्या चहूबाजूंनी हॉटेले आहेत. कोणाचे यंत्र कोणाशी बोलेल याचा नेम नाही. वाईट त्याचे नाही. वाईट याचे की ते वाक्य त्या जागी शोभले. प्रेक्षकांत एक बाई रडल्या. (हरकत : तालमीला प्रेक्षक नसतात.) त्या झाडू मारायला आलेल्या बाई होत्या, आणि जाताना त्या अर्जदाराला म्हणाल्या की बेटी की बिदाई में ठंडा पानी, बहुत बुरा हुआ.

५) आपण म्हणालात की नव्या पद्धतीला ज्येष्ठांचा छुपा विरोध आहे. तसे काही नाही. सगळे 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणतात. विरोध आहे तो त्यांच्या मानांचा. इतक्या वर्षांत आमच्या नटांच्या माना थोड्या डावीकडे वळूनच बसल्या आहेत. मेट्रोतही ते डाव्या दाराकडे बघत उभे राहतात, मग स्टेशन उजवीकडे आले की उतरायचे राहून जाते. सगळे नेपथ्य त्याच हिशेबाने लागते. बैठकीचा कोच डावीकडे, प्रेमाची कबुली डावीकडे. मरणाऱ्या माणसाची वाक्ये सर्वांत लांब, म्हणून मरणेही डावीकडेच. मंडळाच्या इतिहासात उजव्या बाजूला आजवर कोणीही मेलेले नाही. एकदा एका नवख्या तरुणाने तसा प्रयत्न केला, पण प्राण जाईना. शेवटी दोघांनी धरून त्याला डावीकडे आणले, तेव्हा तो सुखाने गेला.

६) स्टुलाच्या बदल्यात आपण अर्जदाराला 'ज्येष्ठ मार्गदर्शक' असे पद, गळ्यात घालायची त्या पदाच्या नावाची पट्टी, आणि प्रयोगाला पहिल्या रांगेत उशी घातलेली खुर्ची देऊ केली आहे. आपली भावना चांगली आहे. अडचण अशी की अर्जदाराने छत्तीस वर्षांत एकही नाटक समोरून पाहिलेले नाही. नट त्याला ओळखू येतात ते डाव्या कानावरून. आमच्या नाटकांत काम करणाऱ्या लतिकाबाई सरोजिनी नगरच्या बाजारात समोरासमोर भेटल्या आणि त्यांनी नमस्कार केला, तेव्हा अर्जदाराने त्यांना ओळख दिली नाही. त्या रागावून वळल्या, तेव्हा कुठे कान दिसला आणि ओळख पटली. तशा माणसाने पहिल्या रांगेत बसून करायचे काय? हसायचे कुठे, हे त्याला ठाऊक आहे. पण तो एक वाक्य आधी हसेल. आणि कोणी अडखळले तर तो उशीवरून उठून मोठ्याने वाक्य सांगेल, आपणाला आवडले नाही तरी.

हे झाले गमतीचे. खरे कारण दोन ओळींचे आहे. प्रेक्षकाला तालमीला कोणी बोलावीत नाही. दर रविवारी दुपारी दिनकरराव खालून हाक मारतात, आम्ही दोघे मेट्रो धरतो, जाताना ते त्यांची वाक्ये म्हणतात आणि अर्जदार बाकी सगळ्यांची, आणि डब्यातली माणसे आमच्याकडे बघतात. स्टूल गेले की दिनकरराव एकटे जातील. पट्टी गळ्यात घालून अर्जदार रविवारी दुपारी कोणाला मार्गदर्शन करणार? (हरकत : मला करतो. कुकरच्या शिट्ट्यांबद्दल. हरकत मान्य.)

७) तरी नम्र विनंती, की स्टूल राहू द्यावे. यंत्रही राहू द्यावे. अर्जदाराची त्यास हरकत नाही, ते उजव्या कानात घालावे. टाचणी आपण म्हणाल तेथे टोचू. परंतु रविवारी आपली माणसे स्टूल उचलायला येतील, तेव्हा त्यावर अर्जदार बसलेला असेल, आणि त्याला संधिवात असल्याने उठायला वेळ लागतो, याची पूर्वसूचना द्यावीशी वाटते.

८) प्रॉम्प्टरवाचून नाटक होत नाही याला पुरावा काय, असे आपण विचारलेत. पुरावा देऊन अर्जदार हा अर्ज पुरा करतो. एका जानेवारीतली गोष्ट. धुके असे, की हॉलच्या दारातून आत आलेला माणूस खुर्ची सापडेपर्यंत हाका मारीत होता. दुसऱ्या घंटेला दिनकररावांचा आवाज बसला. म्हणजे पार गेला. ओठ हलत होते, आत काही नव्हते. मंडळी रडकुंडीला आली. अर्जदाराने त्यांना धीर दिला, शाल आवळली, टॉर्च पेटवला आणि तिन्ही अंक विंगेतून एकट्याने म्हटले. नायकाचे तो बोलला. नायकाला खोकला आला तो त्याने काढला. दुसऱ्या अंकात खिडकीबाहेर कबुतरे घुमतात, तीही त्यानेच घुमविली. दिनकरराव फक्त ओठ हलवीत आणि हात उडवीत होते. शेवटच्या रांगेतला माणूस म्हणाला की मोहिल्यांचा असा आवाज आजवर कधी लागला नव्हता. तीन अंक अर्जदाराची पापणी लवली नाही.

येथे दिनकररावांनी शेंगांची परडी खाली ठेवली. ते जे बोलले, ते लेखनिकेने घेतले आहे.

"वहिनी, हेही लिहा. हा पद्या त्या रात्री झोपला होता. पहिल्या अंकातच. शाल पांघरून, भिंतीला डोकं टेकून, घोरत. ते घोरणं लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही सगळे तीन अंक घसा फोडून बोललो. माझा आवाज गेला तो नाटकानंतर, आणि तो यानं घालवला."

अर्जदाराने विचारले की असे असेल, तर मग वाक्ये कोणी सांगितली.

"कुणीच नाही. आठवत गेली. फक्त तिसऱ्या अंकात मध्येच तुझं घोरणं थांबलं रे, तिथे मी अडकलो."

आपला नम्र, आणि रविवारपर्यंत तरी डाव्या बाजूचा,
पद्माकर त्रिंबक उकिडवे

साक्षीदार : दिनकर मोहिले (सही केली आहे)
लिहून घेणार : सौ. अरुणा पद्माकर उकिडवे
स्थळ : नोएडा
दिनांक : १३ जानेवारी २०२६