ताट दाराशी ठेवून

अव्वा,

आज सकाळी लेकीच्या खोलीच्या दाराशी ताट ठेवलं आणि तुझी आठवण आली. कडक भाकरी, शेंगाचटणी, वाटीभर दही. पुण्याचं कॉलेज अर्धवट टाकून ती घरी आली त्याला चार महिने झाले. खोलीबाहेर फारशी येत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. दार वाजवलं की आतून एवढंच म्हणते, "आई, कशालाच काही अर्थ नाही गं." मी मराठीची प्राध्यापक. इतकी वर्षं पोरांना कवितांचे अर्थ सांगून पगार घेतला, आणि लेकीच्या दाराशी नुसतं ताट ठेवते.

तिच्या उशाशी माझ्या अभ्यासातली जुनी कादंबरी आहे, मी तुला वाचून दाखवायची ती. तू विकायच्या भाकऱ्या थापत बसलेली असायचीस आणि मी शेजारी पाटावर, बी.ए.च्या परीक्षेसाठी मोठमोठ्यानं वाचत. तू सीमेकडच्या वळसंगची, घरात कन्नड, म्हणून आई नव्हे, अव्वा. बाजारापुरतं मराठी तुला यायचं, पण पुस्तकातलं कळायचं नाही. म्हणून मी वाक्यावाक्याला थांबून कन्नडात सांगायची. नायक नोकरी सोडून खोलीत बसतो आणि तीनशे पानं एकच विचारत राहतो, जगण्याला अर्थ आहे का? मी त्याच्यावर फिदा होते. पानापानावर पेन्सिलीच्या रेघा मारल्या होत्या. तू मात्र पीठ मळता मळता तुझ्या बाजारातल्या मराठीत विचारलंस, "ह्यो जेवतो कवा?"

मी चिडले. म्हटलं, "अव्वा, यात तत्त्वज्ञान आहे."

"आसू दे की. भाकर कोन देतंय त्याला?"

पानं चाळून शोधलं. एकच ओळ सापडली: ताट दाराशी ठेवून ती गेली. ती म्हणजे त्याची आई.

"मग? फुडं काय केलं तिनं?"

"पुढं ती नाहीच."

तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं. "येवढ्या जाड पुस्तकात आईला येकच वळ?" म्हणालीस. मग भाकरी उलटवत नायकालाच झापलंस, "आनि अर्थ हाय का न्हाय, काय इचारतोय? आपल्यात अर्थ आयतु म्हंत्यात की. अर्थ व्हतो. नुसतं बसून कसा व्हईल?"

मी हसून हसून लोळले. कन्नडात 'समजलं' म्हणायला 'अर्थ आयतु' म्हणतात, शब्दशः 'अर्थ झाला'. तू दोन भाषांची गल्लत केलीस असं मला वाटलं. पुढे नोकरी लागल्यावर दर वर्षी ती कादंबरी शिकवताना मी हा किस्सा सांगायची, तुझा आवाज काढून. वर्ग हसायचा. घरी पाहुणे आले की पुन्हा तेच. लेक तुझ्या त्या वाक्यावर हसतच मोठी झाली. मला लाज वाटते अव्वा, पण तेव्हा नाही वाटली.

गेल्या आठवड्यात दाराला कान लावून मी तिला तेच सांगितलं, अगदी मनापासून. म्हटलं, तुझी आजी म्हणायची, अर्थ असतो-नसतो असं नाही, तो होतो. ती आतून म्हणाली, "आई, तो जोक नको ना आता." तिला देण्यासारखं माझ्याकडे तेवढं एकच होतं. तेही मीच हसून हसून वाया घालवलं.

काय करू, कळत नाही. ताट ठेवते आणि भिंतीला टेकून खाली बसते. कधी भाकरी मोडल्याचा आवाज येतो, कधी येत नाही. आज अजून आलेला नाही. कडक भाकरी लवकर खराब होत नाही, तेवढं बरं. पुढं काय केलं तिनं, असं तू विचारलं होतंस. मला वाटतं नायकाची ती आई गेलीच नव्हती. दाराबाहेर बसून होती. आत बसलेल्याला ती दिसणार कशी?

हे मराठीत लिहिलंय, तुला वाचता आलं नसतं. जुन्या सवयीनं कन्नडात करून बघितलं, पण तू गेल्यापासून ते कुणाशी बोललेच नाही. पहिल्याच ओळीला अडले. दाराला तू काय म्हणायचीस, तो शब्दच मला आठवत नाही.