डाव्या बाजूची पट्टी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने गाड्या रंगवणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. डॉक्टरांच्या मते पुढचा उन्हाळा मी पाहणार नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच होती, ती गेली.

१. बँकेतली शिल्लक मुलीला. कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन वर्कशॉपमधल्या जोडीदाराला. त्याने ते आधीच नेले आहेत, मी फक्त कायदेशीर करतो.

२. पुतण्याला काहीही नाही. "काका, हे धूड भंगारात घाला," असं तो माझ्याच गाडीत बसून, माझाच चहा पिऊन म्हणाला होता.

३. ते धूड, म्हणजे ज्यात मी बायकोबरोबर राहिलो आणि नंतर अकरा वर्षं एकटा राहिलो ते जुनं मोटरहोम, माझ्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला द्यावं. मुली, चिडण्याआधी पुढचं वाच.

छतातली हवेची खिडकी याच मेहुण्याने बसवली. त्याच वर्षी बायकोच्या उशाची भिंत ओली झाली, बुरशी धरली. ती म्हणायची, "अहो, बाहेरची पट्टी एकदा काढून बघा ना." छत आणि भिंत जुळतात तिथली ती पत्र्याची पट्टी. रंग उडालेला, खाली गंज. काढायची म्हणजे सडलेले स्क्रू, दोन दिवसांचं काम. मी वरवर घासून रंग मारला. दर वर्षी मारला. गिऱ्हाइकाच्या गाडीवर कोणी असं केलं असतं तर त्याला मी दारात उभं केलं नसतं. लोक मात्र म्हणायचे, गाडी अगदी नवीकोरी दिसते.

चौथ्या वर्षी ती छातीच्या दुखण्याने गेली. डॉक्टर म्हणाले, बुरशी. मी म्हणालो, मेहुण्याची खिडकी गळते. चारचौघांत म्हणालो, "बहिणीला तूच मारलंस." त्याला तिचं शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर उभा होता. माझ्या शब्दावर मुलीनेही मामाचं नाव टाकलं.

गेल्या महिन्यात, मरण्याआधी एकदा काम नीट करावं म्हणून, पट्टी काढली. आतलं लाकूड बोटाने उकरलं जात होतं. खिडकीभोवती हात फिरवून पाहिला, कोरडं ठणठणीत. पाणी पट्टीमागूनच येत होतं, माझ्या रंगाखालून.

४. पट्टी मी परत लावलेली नाही. कोणी लावू नये, रंगवू नये. मुलीने किल्ली स्वतः नेऊन द्यावी, मामासाठी शिडी धरावी आणि सांगावं, "मामा, चूक बाबांची होती." याच शब्दांत. मखलाशी नको.

५. मी गेल्यावर मला उचलायची घाई करू नये. मेहुण्याला निरोप द्यावा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबावं. तो थांबला होता तेवढं. आला नाही, तर त्याला नावं ठेवू नयेत.

ठिकाण: हीच गाडी, डावी बाजू उघडी.
दिनांक: ९ नोव्हेंबर.
सही: (केली आहे. माझीच आहे.)

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार पहिला: शेजारचा टायरवाला.
साक्षीदार दुसरा: रंगाचा दुकानदार. सही करण्याआधी हा बाहेर जाऊन बाजू पाहून आला. म्हणाला, "पंधरा वर्षं माझ्याकडून रंग नेलास. रंगाखाली गंज थांबवणारा प्राइमर एकदाही नाही." हेही लिहून ठेवतो.