म्हातारीची बाज आणि मगन मास्तर

१२ एप्रिल १९३६, रविवार
मंगला, लिही. सुनेचं चौथीपर्यंतचं शिक्षण चुलीत घालायला नाही. काल इथं खांडबाऱ्याच्या शाळेत धुळ्याहून शिकून आलेल्या मगन मास्तरानं मॅजिक लॅन्टर्न लावून, भिंतीवर चित्रं पाडून विश्वावर लेक्चर दिलं. आकाशगंगा म्हणे लाखो, आणि सगळ्या एकमेकींपासून लांब पळताहेत. मी विचारलं, मग आमची म्हातारीची बाज कुठं पळणार? सप्तर्षींतले चार तारे बाजेचे पाय, मागचे तीन चोर, हे शेंबडं पोरही जाणतं. तर म्हणाला, आजी, त्या ताऱ्यांची आपसांत ओळखसुद्धा नाही. सगळे हसले. शेजारची छबू सगळ्यांत मोठ्यानं. सूड घेणार.

१३, सोमवार
पहाटे गाडी जुंपायची वेळ उखा गाडीवान जन्मभर मला विचारत आला, मी बाज बघून सांगायची. आज मास्तराच्या घड्याळाला विचारून गेला! छबू कुंपणावरून म्हणते, “मोठी माय, तुन्ही बाज कोठे शे? पळनी का?” सुडाच्या यादीत हिचं नाव दोनदा लिही.

१५, बुधवार
ठरलं. शनिवारी अंधार पडला की गाव अंगणात बोलवायचं, मास्तरासकट. बोटानं बाज दाखवायची, म्हणायचं, पळव आता!
हल्ली तारे जरा पातळ उगवतात. लॅन्टर्नच्या धुरानं. मंगला म्हणते, डोळे दाखवू या. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? हे लिहू नकोस.

१७, शुक्रवार
सराव नको. मी अंगणात रोज उत्तरेकडे पाय करून निजते. पायाच्या अंगठ्यावरून बोट वर नेलं की बाज.
मास्तर रडला तरी गुळाचा खडा मिळणार नाही.

१९, रविवार
काल गाव लोटलं. माणसं बसावीत म्हणून मंगलानं माझी निजायची बाज फिरवून भिंतीला लावली होती. मला सांगितलं नाही. हात धरून तीवर पाय लांब करून बसवलं. मी अंगठ्यावरून बोट वर नेलं. ही बाज, हे चोर!
कुणी हसलं नाही. छबूसुद्धा नाही. मास्तर म्हणाला, “बरोबर शे, मोठी माय.” मला वाटलं, जिरली.
आज छबू आली, हळू आवाजात म्हणाली, बोट गोठ्याच्या कौलांवर होतं.
मास्तराला सोडणार नाही. खोटं बोलला, तेही माझ्यासाठी. आता गुरुवारी सुरतेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो म्हणे. त्याच्याबरोबर एक पाऊल टाकणार नाही.
मंगला, हिरवं लुगडं गुरुवारच्या आत वाळेल ना?