जिभेवरचा कण

३ सप्टेंबर
पोचले! लंडनमधलं पिनर सोडलं, ट्रेन, मग बस, आणि आता स्कॉटलंडच्या डोंगरात हे भाड्याचं दगडी कॉटेज. खिडकीखाली ओढा. जुन्या राजांच्या काळातली सोन्याची खाण इथेच कुठेतरी हरवली म्हणतात, तिचं तोंडच सापडत नाही. मला खाण नको. नात दियाच्या मंगळसूत्रात एक मणी माझ्या हातच्या सोन्याचा हवा, बस. मुलगा अंशुमन फोनवर म्हणाला, आई, ईलिंग रोडवरच्या सराफांकडचं सोनं संपलं का? मागून दिया ओरडली, आजी, ओढ्यात सोनं शोधायचं लायसन्स घेतलंस ना? घेतलंय गं बाई.

५ सप्टेंबर
ही जमीन ज्या इस्टेटीची, तिथले मिस्टर मॉफॅट नियम सांगून गेले. फक्त वाळू धुवायचा पॅन आणि छोटं फावडं. काठ उकरायचा नाही. खणलेला खड्डा निघण्याआधी बुजवायचा. मला शाळेतल्या सिस्टर बर्नडेट आठवल्या. त्या म्हणायच्या, तुम्ही उठून गेलात की कुणी बसलं होतं हे बाकालाही कळता कामा नये. पाण्यात पॅन फिरवताना लहानपणचे झारेकरी डोळ्यांपुढे आले, सराफांच्या दुकानांपुढची धूळ धुऊन सोनं काढणारे. दुपारी काळ्या वाळूत एक पिवळा कण चमकला. मिलिंद असता तर म्हणाला असता, आधी चष्मा पूस. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी चष्मा पुसला. मग कण छोट्या बाटलीत ठेवला.

८ सप्टेंबर
काल बुजवलेले खड्डे सकाळी सगळे उघडे. गोल, कडा स्वच्छ. मॉफॅटना वाटलं मी विसरले. मी? सिस्टर बर्नडेटची विद्यार्थिनी? त्यांच्यासमोर पुन्हा बुजवले. मग चहा पिताना त्यांनी सांगितलं की खाण ढासळली तेव्हा आतली माणसं मेलीच असं समजून गावाने तोंड दगडांनी भरून टाकलं. आतून बरेच दिवस ठोकल्याचा आवाज येत होता म्हणे. हे कॉटेज त्यातल्याच उरलेल्या दगडांचं असावं, असं म्हणून ते हसले. मला नाही हसू आलं.

११ सप्टेंबर
जाग आली तेव्हा जिभेवर काहीतरी खरखरीत होतं. सोन्याचा कण. बाटलीतला नव्हे, बाटलीचं झाकण घट्ट होतं.
आपल्यात जिभेवर सोनं कुणाच्या ठेवतात ते मला ठाऊक आहे. मिलिंदच्या मीच ठेवलं होतं, तुळशीच्या पानाबरोबर.
थुंकले, धुतला, बाटलीत टाकला. मण्याला होईल.

१३ सप्टेंबर
पुन्हा जिभेवर कण. उंबरठ्याशी ओढ्यातल्या ओल्या गोट्यांची रास, कुणीतरी नीट रचल्यासारखी. फावड्याने सारली. अंशुमन म्हणाला, आत्ताच्या आत्ता घरी ये. मी म्हटलं, शनिवारी सगळे न्यायला या, मणी बघून जा. मी रीतसर परवाना काढून आले आहे. कुणी घाबरवलं म्हणून पळणार नाही.

१४ सप्टेंबर
दार उघडत नाही. बाहेर वाळू, गोटे, खिडकीच्या अर्ध्यापर्यंत. फोन मुका. जमिनीखालून ठोकल्याचा आवाज —
आज जिभेवर बरेच कण. गिळता गिळता वाचले.
समजलं. खाणीतली ती माणसं मला मेलेली समजताहेत. आधी तोंडात सोनं, मग वर दगड. यांना जसं बुजवलं तसंच —

१५ सप्टेंबर
खिडकीत वरची चीर तेवढी उजेडाची. बाटली पदरात बांधली आहे. दिया, मणी तुझाच.
तोंड गच्च मिटून लिहिते आहे. ओठांवर बोटं — ओली, थंड — उघडायला बघताहेत. नाही उघडणार.
तुमचं ठोकणं कुणी ऐकलं नाही, वाईट झालं. पण मी जिवंत आहे. ऐका, जिवंत आहे! हातात पॅन आहे. या चिरेतून उकरत बाहेर पडणार, आणि सिस्टर, माफ करा, हा खड्डा मी मागे बुजवणार ना—