चेहरा कुणाचाही काढ

वालफोस्का,
१४ जानेवारी १४७६

चि. तादेओ यास ओर्सोलाताईचे अ. उ. आ. वि. वि.

तू दरबारचा चित्रकार झालास, आता तुला अहोजाहो करावं की काय, याचा आठवडाभर विचार केला आणि सोडून दिला. ज्याचं नाक मी पुसलं त्याला अहो म्हणायला माझी जीभ वळत नाही. खुद्द ड्यूक तुझ्यासमोर बसतात हे मात्र धोबिणीपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं आहे. लोक आता मला पाहून रस्ता बदलतात.

पत्र आपला मामेभाऊ सेराफिनो आणतो आहे. भिक्षूच्या झोळीत शिपाई हात घालत नाहीत, म्हणून मोकळेपणी लिहिते. बेरार्दो घरात नाही. गावच्या वेशीच्या किल्ल्या त्याच्याकडे असत हे तुला ठाऊकच आहे. नोव्हेंबरात बंडवाल्यांचा सरदार एकटा, बिनहत्यारी वेशीशी आला. आत त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. बेरार्दोनं त्याला आत घेतलं, म्हातारीचे डोळे मिटेपर्यंत थांबू दिलं आणि परत सोडलं. आता म्हणतात, त्यानं वेस शत्रूला विकली. पकडायला आले त्याच्या आदल्या दिवशी तो निघून गेला. खिंडीच्या अलीकडच्या सराईत मार्को या नावानं खेचरांवर मिठाच्या गोण्या चढवतो. खिंड बर्फानं बंद आहे. ईस्टरच्या सुमारास उघडली की तो पलीकडे उतरेल, आणि पलीकडे ड्यूकचं राज्य नाही.

तू ड्यूकसमोर तासन्‌तास असतोस. एक शब्द टाक. मरत्या आईकडे लेकाला जाऊ देणं हा गुन्हा कसा, एवढंच विचार. बीचे रोज विचारते, बाबा कधी येणार. सहा वर्षांच्या पोरीला मी काय सांगू?

लोकरीचं घालत जा. तुझी छाती लहानपणापासून नाजूक आहे. माझा लोभ आहेच, तुझाही या वेळी कामी यावा.

तुझी ताई


मोन्तेरावा,
२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस तादेओचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं.

इकडची हकिकत अशी. कोळशानं काढलेला ड्यूकचा पहिला चेहरा हुबेहूब उतरला, आणि तिथंच घात झाला. पहिल्या दिवशी गालावरची चामखीळ गेली. दुसऱ्या दिवशी गळ्याखाली लोंबणारी कातडी. मग देवीचे व्रण. मग त्यांना हनुवटीच आवडेना. म्हणाले, घराण्याची खरी हनुवटी आजोबांची, ती लाव. आजोबांचं एक जुनं पदक आहे, त्यावरून ती उतरवून लावली. परवा डचेसबाई आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि हे गृहस्थ कोण म्हणून विचारलं. दरबारी मंडळी हसू दाबत भिंतीकडे वळली. मला हसू आलं नाही. बारा वर्षं उस्तादाच्या शिव्या खाऊन जे शिकलो, ते इथं रोज थोडं थोडं खरवडून टाकतो आहे.

भावोजींचा विषय काढायची संधी काही मिळाली नाही. बसल्यावर ड्यूक बोलत नाहीत, आणि बोललेच तर हनुवटीबद्दल. अशी गोष्ट घाईनं बोलली तर बिघडते. चित्र पुरं झालं की खुशीत असतील, तेव्हा बोलतो. बीचेला पापा. तुझी माया अशीच पाठीशी राहो.

तुझा तादेओ


वालफोस्का,
११ फेब्रुवारी

चि. तादेओ यास अ. उ. आ. वि. वि.

खुशीची वाट पाहा. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांत आपल्या घरातलं आजवर कुणी नव्हतं, तेवढी उणीव तू भरून काढ.

सेराफिनो सांगत होता की पळालेल्या गद्दारांची चित्रं न्यायालयाच्या भिंतीवर काढायचा हुकूम झाला आहे. एका पायाला दोर बांधून उलटा लटकवलेला माणूस आणि खाली नाव. पहिलं नाव बेरार्दोचं, आणि हात तुझा. रागावले नाही. ज्याचं अन्न खातोस त्याला नाही म्हणता येत नाही, एवढं मला कळतं. काढ. नाव घाल. उलटा टांग. लोकांना थुंकायचं तर थुंकू देत, थुंकीनं माणूस मरत नाही.

पण चेहरा कुणाचाही काढ. तिकडे बेरार्दोला पाहिलेला तूच एक आहेस, तू नाकाच्या जागी कांदा काढलास तरी कुणाला कळणार नाही. आपल्या मेलेल्या पिएरोकाकाचा चेहरा लाव, त्याला पकडायला कुणी जायचं नाही. डोंगरातले खेचरवाले दर बुधवारी तुमच्या बाजाराला येतात, तादेओ. मी तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागते आहे. हे झालं की जन्मभर काही मागणार नाही.

तुझी ताई


मोन्तेरावा,
३ मार्च

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

ड्यूकचं चित्र पुरं झालं, सोनेरी चौकटीत चढलं. सगळ्यांनी लांबूनच वाखाणलं, जवळ कुणी गेलं नाही. ड्यूक खुशीत होते, पण भोवती मंडळी फार होती. बोलणं राहिलं.

भिंतीचंही काम झालं. सुरुवात तू सांगितलीस तशीच केली, शपथ. पिएरोकाका काढायला घेतले. पण ओल्या गिलाव्यावर ते काही केल्या खरे दिसेनात. तसलं खोटं मी दोन महिने काढत होतो, माझा हात विटला होता. गिलावा वाळायच्या आत रंग भरावा लागतो, थांबून विचार करता येत नाही. भुवईपाशी आलो आणि हात भावोजींच्या डाव्या भुवईकडे गेला. खेचराच्या लाथेनं मधोमध तुटलेली ती. ती एकदा उमटली आणि मग बाकीचं तिनंच ओढून आणलं. ताई, तुझ्यापासून काय लपवू, असं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही. बघायला गर्दी लोटते. बायका म्हणतात, आत्ता बोलेल. माझे उस्ताद काठी टेकत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

तू काळजी करू नकोस. बाजाराला आलेला माणूस मेंढ्या बघतो, भिंती नाही. आणि आता प्रश्न महिन्याभराचाच आहे. राग नसावा.

तुझा तादेओ


मोन्तेरावा,
३० मार्च

ती. ताईस तादेओचा शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. गेल्या बुधवारी एक खेचरवाला भिंतीपाशी थांबला. त्याच्या मनात पाप नव्हतं. सोबत्याला हसत म्हणाला की हा तर आपल्या सराईतला मार्को, भुवईसकट. जवळच शिपाई उभे होते. गुरुवारी भावोजींना खाली आणलं आणि शुक्रवारी सकाळी त्याच भिंतीसमोर फाशी दिलं. मी खिडक्या लावून घरात बसलो होतो. पाहिलेले सांगतात की भावोजींनी मान वर करून चित्र नीट पाहिलं आणि हे तादेओनं काढलंय का, असं विचारलं. कुणीतरी हो म्हणालं.

काल ड्यूकनी बोलावलं. भिंतीवरचा माणूस जिवंत आणि त्यांच्या चित्रातला मेलेला असं का, म्हणून विचारलं. त्यांना नवं चित्र हवं आहे, चामखिळीसकट. आणि इनाम म्हणून हवं ते माग म्हणाले. भिंतीला चुना फासायची परवानगी मागू का? तू हो म्हण, उद्याच मागतो. आता मला बोलायला धीर आला आहे.

अपराधी,
तादेओ


वालफोस्का,
२० एप्रिल

तादेओ,

वर ‘चि.’ आणि आशीर्वाद हात सवयीनं लिहून गेला होता, ते खोडलं आहे.

तुझ्या पत्रात ‘सौ.’ नव्हतं. मला तिथंच कळलं, पुढचं वाचलं नसतं तरी चाललं असतं. एवढं एक अक्षर तू अगदी बिनचूक गाळलंस. खिंड गेल्या सोमवारी उघडली.

तुझं म्हणणं, हात आपोआप गेला. ड्यूकसमोर तो कधी आपोआप गेला नाही. तिथं चामखीळ पुस म्हटलं की पुसली, हनुवटी बदल म्हटलं की बदललीस. त्यांनी सांगितलेलं खोटं तुझ्या हाताला जमलं, मी मागितलेलं तेवढं जमलं नाही. तुला कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी तुझ्याजवळ खरा चेहरा माझ्या नवऱ्याचाच होता. मी तुला ओळखायला हवं होतं. लहानपणी भिंती तूच रंगवायचास आणि मार मी खायचे, तेव्हापासून.

काल बीचेला घेऊन तिकडे येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही. ती बापाला एकदा दाखव म्हणून हटून बसली होती, आणि दाखवायला माझ्याजवळ कबरसुद्धा नाही. ती भिंतीसमोर उभी राहिली, बराच वेळ तिला काही समजेना. मग तिनं भिंतीकडे पाठ केली, खाली वाकली आणि दोन्ही पायांमधून उलटं डोकं करून वर पाहिलं. आणि म्हणाली, बाबा. तशीच राहिली, तोंड लालभडक झालं तरी उठेना. लोक हसले. शेवटी मी तिला ओढून उभी केली, तर म्हणाली की आपण पुन्हा येऊ या, बाबा हसताहेत.

तेव्हा चुना फासू नकोस. त्याचं म्हणून आमच्यापाशी तेवढंच उरलं आहे, आणि ते तू इतकं चांगलं काढलं आहेस की मला तुला धड शापही देता येत नाही.

यापुढे लोभ नसावा, ही विनंती.

बेरार्दोची बायको,
ओर्सोला